डब्यातली चानकी

१

कोथरूडमधल्या त्या सोसायटीत दुपारची एक ते चार ही वेळ फार सोवळ्यातली. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशेजारी श्यामसुंदरकाकांनी स्वखर्चानं पाटीच लावली आहे : 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडणार नाही. उघडल्यास पस्तावाल.' कुरिअरची पोरं ती वाचून हसतात, पण बेल वाजवायची हिंमत करत नाहीत.

काकांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये स्वराली आणि सौमित्र राहायचे. काकांची त्यांच्याविरुद्ध एकच तक्रार होती. सौमित्र दार फार आपटतो. सकाळी हडपसरच्या नोकरीवर निघताना तो दार असं काही ओढायचा की काकांच्या कपातला चहा हिंदकळायचा. लग्नाला बारा वर्षं झाली, स्वराली सांगून सांगून थकली. सौमित्र दर वेळी जीभ चावायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धाडकन.

तो गेला की घर स्वरालीचं. मिक्सर, गीझर, पाण्याचे पंप असल्या वस्तूंबरोबर जी माहितीपत्रकं येतात आणि जन्मात कोणी वाचत नाही, ती मराठीत आणायचं काम ती घरी बसून करायची. दुपारी सगळा मजला पेंगला की उठायची, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पोळीभाजी खायची. खिडकीतून लांबवर एखादी रिक्षा, कोणाच्या तरी कुकरची उशिराची शिट्टी, बाकी काही नाही. ही शांतता आपली एकटीची आहे याचं तिला मनापासून सुख वाटायचं.

गणपती झाल्यावर जुन्या स्वयंपाकाच्या बाई गावी गेल्या आणि मुक्ताबाई आल्या. परभणीकडच्या, बोलायला फटकळ, हाताला झपाटा. आठ पोळ्या आणि भाजी करून, ओटा पुसून पुढच्या घरी पळायच्या. पोळ्या स्टीलच्या डब्यात. त्या डब्याचं झाकण इतकं घट्ट की डबा पोटाशी धरून ओढलं तरच 'टप्' असा आवाज करून निघायचं.

पहिल्याच आठवड्यात स्वरालीनं ते काढलं, तर आठ पोळ्यांच्या वर एक नववी. तळहाताएवढी, गोल, दोन्ही बाजूंनी छान भाजलेली. चानकी.

परातीत शेवटी कणकेची गोळी उरते, तिची करतात ती चानकी. घरातलं सगळ्यात धाकटं पोर पोळपाटापाशी ताटकळत बसलेलं असतं, त्याचा तो हक्क. तूपसाखर लावून गुंडाळी हातात दिली की ते गप्प. स्वराली स्वतः असल्या कितीतरी चानक्या खाऊन वाढली होती. तिला हसू आलं. सौमित्रला गंमत वाटेल म्हणून तिनं ती तशीच ठेवली.

संध्याकाळी सौमित्र आल्यावर बघितलं तर डब्यात चानकी नव्हती. खाल्ली वाटतं, असं म्हणून ती विसरूनही गेली.

२

क्लिनिकमधून फोन आला तो अशाच एका दुपारी.

पाच वर्षांपूर्वी दोघं मुलासाठी डेक्कनजवळच्या एका डॉक्टरबाईंकडे जात होते. लग्न झालं, घर झालं, आता पुढचं तेच, अशा सरळ रेषेत ते तिथवर पोचले होते. आणि होत नाही म्हटल्यावर इरेला पेटले. इंजेक्शनं, तपासण्या, रिपोर्टची वाट बघणं. प्रयोगशाळेत दोन गर्भ तयार झाले. एक स्वरालीच्या पोटात ठेवला, तो रुजला नाही. ती चार दिवस रडली. मग एका सकाळी उठली तर तिला हलकं वाटत होतं, शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखं. त्या हलकेपणाची तिला इतकी लाज वाटली की तिनं तो सौमित्रपासूनही लपवला.

दुसरा गर्भ क्लिनिकनं गोठवून ठेवला. दर वर्षी फोन यायचा, "ठेवायचा ना?" आणि दोघं म्हणायचे, ठेवा. ठेवा म्हटलं की वर्षभर विचार करावा लागत नसे.

या वेळी फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम निवृत्त होतायत. महिनाअखेर सगळं आवरायचंय. तुम्ही वापरणार आहात, दुसरीकडे हलवणार आहात की सोडून द्यायचा? दोघांनी येऊन सांगावं लागेल."

रात्रीच्या जेवणाआधी स्वरालीनं सौमित्रला सांगितलं. तो बराच वेळ काकडी चिरत राहिला.

"मी काय सांगणार? शरीर तुझं, निर्णय तुझा. तू म्हणशील ते मला मान्य आहे."

ऐकायला वाक्य किती सुंदर. स्वरालीच्या डोक्यात तिडीक गेली.

"म्हणजे पुढे चुकलं तर खापर माझ्यावर."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. हवंय की नकोय, एवढं एक सांग ना."

"मला खरंच माहीत नाही," सौमित्र म्हणाला आणि काकडीवर मीठ घालायचं विसरला.

स्वरालीचा घोळ वेगळाच होता. एखाद्याला न विचारता या जगात ओढून आणायचं आणि मग त्यानं आयुष्यभर ते निस्तरत बसायचं, हे तिला कधी नीट पटलंच नव्हतं. मैत्रिणी म्हणायच्या, एवढा विचार केला असता तर कोणालाच मुलं झाली नसती. तेही खरं. पण आता अडचण उलटी होती. जे अर्ध्या वाटेवर येऊन थांबलंय, आपणच बोलावलं म्हणून थांबलंय, त्याला परत जा म्हणायचं तेही न विचारताच. दोन्हीकडून ती चोरच ठरत होती.

३

"तुला सवय लागली हं चानकीची," दुसऱ्या दिवशी ताटं वाढताना स्वराली म्हणाली. विषय हलका असावा म्हणून काढला होता.

"कसली?"

"रोज फस्त करतोस ती."

सौमित्र तिच्याकडे बघत राहिला. "मी? मी एकदा सकाळी मुक्ताबाईंना करताना बघितली. म्हटलं तुझ्या लाडासाठी करतायत. मला वाटलं तू खातेस."

दोघं हसले. मग हसू थोडं लवकरच थांबलं. स्वरालीनं दोनदा विचारलं, त्यानं दोनदा शपथ घेतली. जवळजवळ दीड महिना रोज एक चानकी होत होती आणि रोज संपत होती.

सकाळी तिनं मुक्ताबाईंना गाठलं. "मुक्ताबाई, चानकी कोणासाठी करता?"

"लेकरासाठी."

"कोणाच्या?"

मुक्ताबाईंचं लाटणं थांबलं. "तुमच्या की वो. पयल्या दिवशी कणिक उरली म्हणून केली. दुसऱ्या दिवशी बगते तर खाल्लेली. मोठी मानसं चानकी खात न्हाईत ताई, पोळी खात्यात. म्हटलं हाय घरात एखादं, माझ्या येळंला शाळंला जात आसंल."

"आमच्याकडे मूल नाही."

"न्हाई?"

"नाही."

मुक्ताबाई पुन्हा लाटू लागल्या. पण स्वरालीला आत्ता दिसलं की तापलेला तवा त्यांनी मागच्या बर्नरवर ठेवला होता, पुढचे दोन्ही मोकळे असताना. दांडा आतल्या बाजूला वळवलेला. पोळपाटही ओट्याच्या कडेपासून चांगला आत. रांगत्या-चालत्या पोराच्या घरात बायका असा ओटा मांडतात. हे त्यांना त्यांच्या हातांनीच शिकवलं होतं, डोक्याला पत्ताही नव्हता.

"मग बंद करू का?" मुक्ताबाईंनी विचारलं.

स्वराली हो म्हणणार होती. हो म्हणण्यासारखंच होतं सगळं. "नको," ती म्हणाली, "असू द्या." आणि आपण असं का म्हणालो ते तिला दिवसभर कळलं नाही.

४

ती ज्या माहितीपत्रकांवर पोट भरायची, त्यांच्या शेवटी एक तक्ता असतो. तक्रार, संभाव्य कारण, उपाय. तिनं मनातल्या मनात तोच भरायला घेतला. तक्रार : चानकी नाहीशी होते. संभाव्य कारण : उंदीर. पण उंदराला ते झाकण उघडणार नाही, आणि उघडलं तर तो मोठ्या पोळ्यांना सोवळ्यानं बाजूला ठेवणार नाही. मांजर, कबूतर, तेच. सौमित्र खोटं बोलतोय. का बोलेल? आपणच खातो आणि विसरतो. हे एक शक्य होतं, आणि तिला ते त्यातल्या त्यात परवडणारं वाटलं.

त्या दुपारी तिनं चानकीला तूपसाखर लावून गुंडाळी केली, डब्यात ठेवली, झाकण दाबून लावलं आणि कामाच्या खोलीत येऊन बसली. कानातले हेडफोन काढून ठेवले. पंपाच्या मोटरीबद्दल एक वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं.

आधी प्लॅस्टिकचं स्टूल सरकल्याचा आवाज आला. ओढत, थांबत, जड वस्तू आपल्याच्यानं उचलवत नाही म्हणून ओढावी तसा. मग बराच वेळ काही नाही.

मग 'टप्'.

ती उठली नाही. उठून जायचं, बघायचं, हे सगळं तिला येत होतं, पण पाय खुर्चीखाली होते ते तिथेच राहिले. सोसायटीभर झोप पसरलेली. रस्त्यावर भंगारवाल्याची रेकॉर्ड लागली, लांब गेली. शेवटी ती गेली तेव्हा स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. स्टूल ओट्याला लागून उभं होतं. झाकण उताणं पडलं होतं. आठ पोळ्या जागच्या जागी.

मुंग्या नंतर दिसल्या. साखरेमागं लागलेली बारीक रांग ओट्यावरून उतरून, पॅसेजमधून मागच्या खोलीत गेली होती. घर घेतलं तेव्हा दोघं त्या खोलीला 'बाळाची खोली' म्हणायचे. आता तिथे इस्त्रीचं टेबल, बॅगा, आणि सौमित्रची हौसेनं घेतलेली व्यायामाची सायकल. रांग दाराच्या मागे, कोपऱ्यात संपत होती. तिथे चानकीचा शेवटचा तुकडा पडला होता. त्याच्या एका कडेला दातांची चंद्रकोर उमटली होती, इतकी लहान की स्वरालीनं नकळत आपल्या दातांवरून जीभ फिरवली.

तुकडा अजून ओला होता.

तिनं फडक्यानं सगळं पुसलं, मुंग्या झाडल्या, साबण लावून हात धुतले. भुताखेताची भीती तिला नव्हती, त्या असल्या गोष्टी ती मानायची नाही. तिला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची. ते आपल्यावर रागावलं असेल. महिनाअखेर होण्याआधी कधीतरी ते समोर येऊन उभं राहील आणि विचारेल, मला का बोलावलंत? आणि तिच्याकडे उत्तर नसेल.

५

शनिवारी ती सदाशिव पेठेत सासूबाईंकडे गेली. हेमाताई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या, आणि एकटं राहणं त्यांना मानवलं होतं. त्या पेपरातलं शब्दकोडं सोडवत होत्या. स्वरालीनं क्लिनिकचं सगळं सांगितलं. चानकीचं सांगितलं नाही.

"सल्ला विचारतेयस की परवानगी?" हेमाताई पेन न थांबवता म्हणाल्या. "परवानगी द्यायला मी कोण? आणि सल्ला हवा असेल तर आधी चहा टाक."

चहा झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "मला कोणी विचारलंच नाही गं. लग्न झालं, वर्षात सौमित्र. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं, मला आणि ज्यांनी विचारायला हवं होतं त्यांनाही. मला तो आवडला, फार आवडला. पण हवा होता का? आज विचारशील तर सांगता येणार नाही. तुम्हाला निदान विचारतायत."

"आणि नाही म्हटलं, आणि ते चूक असलं तर?"

"मग चुकाल. मुलं आणूनही माणसं चुकतात, चांगली दणकून चुकतात, आणि ती चूक मग मोठी होऊन नोकरीसाठी गावोगाव फिरते. फक्त एक कर. दोघांनी मिळून काय ते म्हणा. त्याला मान डोलवायची खोड आहे, ती माझ्यामुळे लागलीय. चालवून घेऊ नकोस."

"ते रागावणार नाही ना, आई?" स्वरालीच्या तोंडून निसटलं.

"कोण?"

"कोणी नाही."

हेमाताईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "राग यायलासुद्धा आधी जन्माला यावं लागतं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं. स्वरालीला ते पटवून घ्यायचं होतं. पण डोळ्यांसमोरून ती चंद्रकोर जाईना.

घरी येऊन ती चपला काढते तोच सौमित्र भाजी घेऊन आला. आत शिरला, वळला, आणि दार आपटायच्या ऐवजी हातानं धरून उभा राहिला. खाली, बिजागरीच्या फटीकडे बघितलं. थोडा थांबला. मग इतकं हळू दार लावलं की कुलूप बसल्याचा आवाजही आला नाही.

स्वरालीच्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांत श्यामसुंदरकाकांनी तक्रार केलेली नाही.

"काय बघत होतास?"

"काही नाही. बोट चेमटेल म्हणून..." सौमित्र बोलता बोलता थांबला.

"कोणाचं?"

त्यानं भाजीची पिशवी खाली ठेवली. चेहरा उतरला होता. "माहीत नाही. गणपतीपासून असंच होतंय. दार ओढताना हात आपोआप थांबतो."

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. स्टूल, झाकण, मुंग्या, तुकडा. तो एकदाही हसला नाही. आणि सांगून झाल्यावर तिनं पाच वर्षं दाबून ठेवलेलंही सांगितलं, की पहिला गर्भ गेला तेव्हा तिला मोकळं वाटलं होतं.

सौमित्र खुर्चीवर बसला. "मलाही," तो म्हणाला. "मला नकोय, स्वराली. तेव्हाही नको होतं बहुतेक. पण मी तोंडानं बोललो असतो तर तुझ्यावर लादल्यासारखं झालं असतं. म्हणून तुझ्यावर ढकलत राहिलो."

"मलाही नकोय," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मोठ्यानं.

त्याच क्षणी मागच्या खोलीत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. पडल्याचा नव्हे. मोठी माणसं बोलतायत म्हणून, आवाज होऊ नये अशा बेतानं ठेवल्याचा.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ते ऐकत होतं. त्यानं ऐकलं होतं.

६

त्यानंतर चानकी खाल्ली जाईना. सोमवार, मंगळवार, रोज डबा उघडावा तर ती तशीच, वातड होऊन पडलेली. मुक्ताबाईंनी ती मुकाट्यानं गाईसाठी बांधून नेली. स्टूल हललं नाही, झाकण वाजलं नाही. स्वरालीला वाटलं होतं की हे थांबलं की सुटल्यासारखं होईल. झालं उलटंच. खाणं टाकून कोपऱ्यात बसलेल्या पोराचं घर कसं असतं, तसं ते घर झालं. मागच्या खोलीत जायचं दोघंही टाळू लागले. सौमित्र बाहेर जाताना अजूनही दार हळूच लावायचा, म्हणजे ते घरातच होतं.

रविवारी मुक्ताबाईंची सुट्टी. स्वरालीनं स्वतः कणिक भिजवली. पोळ्या झाल्या, परातीत गोळी उरली. तिनं ती लाटली. चानकी वाकडी झाली, एका बाजूनं जरा करपली. तिनं तूप लावलं, साखर भुरभुरली, गुंडाळी करून वाटीत ठेवली, आणि वाटी स्टुलावर. डबा नाही, झाकण नाही.

मग दोघं बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराकडे पाठ करून जमिनीवर बसले. समोर बंद टीव्ही. त्याच्या काळ्या काचेत दोघांची डोकी आणि त्यांच्यामागे स्वयंपाकघराची उजेडाची चौकट दिसत होती. दुपारचे दोन वाजून गेले असावेत. मजल्यावर चिटपाखरू नव्हतं.

"तू आलास की आलीस, तेही आम्हाला माहीत नाही," स्वराली म्हणाली. "तुला आम्हीच बोलावलं. हौसेनं म्हण, हट्टानं म्हण. तेव्हा तुला विचारलं नाही. आता नको म्हणतोय, तेही तुझ्यात काही वाईट आहे म्हणून नाही. आम्हाला आई-बाप व्हायचं नाहीये. मनात नसताना तुला आणलं, तर ते तुला आयुष्यभर कळत राहील, पोरांना कळतंच. तुला यायचंच असेल तर सांग. मी पुन्हा विचार करीन, शपथेवर सांगते. पण न विचारता तुला घालवणार नाही."

सौमित्रनं तिचा हात धरला. "मीही," तो म्हणाला. या वेळी मान डोलावली नाही.

काही झालं नाही. स्वरालीला स्वतःचाच संशय यायला लागला. दोन शिकलेली माणसं भर दुपारी फरशीवर बसून एका पोळीशी बोलतायत. मग मागे वाटी वाजली. स्टीलला नख लागावं इतकीच.

तिनं वळून बघितलं नाही. टीव्हीच्या काचेत बघितलं. त्यांच्या दोन डोक्यांच्या मध्ये, खांद्याच्या उंचीवर, तिसरं डोकं होतं. तोंड दिसत नव्हतं. नुसते तेल न लावलेले, उभे राहिलेले केस, आणि एक कान, मागून उजेड येत असल्यामुळे लालसर दिसणारा. ते चावत होतं. मन लावून, कोणाकडे न बघता, भूक लागलेलं पोर खातं तसं. स्वरालीला स्पष्ट दिसलं की ते रागावलेलं नाही. रागावलेल्या पोराचे खांदे वेगळे असतात.

तिच्या मोकळ्या हाताला काहीतरी लागलं. तिनं तळवा उघडा केला. उबदार, ओलसर, साखरेनं खरखरीत. तिनं डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा काचेत दोनच डोकी होती. तिच्या हातात अर्धी चानकी होती. न करपलेली बाजू.

सौमित्र आधीच उठला होता. त्यानं जाऊन बाहेरचं दार सताड उघडलं आणि ते हातानं धरून उभा राहिला, खाली बघत. जिन्यात ऊन आलं होतं. स्वरालीला काही दिसलं नाही. पण सौमित्रची नजर उंबऱ्यावरून हळूहळू जिन्याकडे गेली, आणि तिथे थोडी थांबली. तो काय बघत होता ते तिनं त्याला तेव्हा विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही.

त्यानं दार लावलं. मग तो तिच्याजवळ येऊन बसला आणि दोघांनी ती अर्धी चानकी निम्मी निम्मी खाल्ली. सौमित्र रडत होता. स्वराली रडत नव्हती. तिला फक्त खूप भूक लागली होती.

७

सोमवारी दोघं क्लिनिकमध्ये जाऊन आले. फार वेळ लागला नाही. डॉक्टरबाईंनी "नक्की ना?" असं एकदाच विचारलं आणि दोघांनी एकदमच "हो" म्हटलं, तेव्हा त्या जरा हसल्या. येताना स्वरालीच्या मनात येऊन गेलं की आपल्याला हवं होतं तेच उत्तर आपण ऐकून घेतलं असेल. असेलही. पण न करपलेली बाजू आपण स्वतःला दिली नसती, एवढं तिला स्वतःबद्दल ठाऊक होतं.

मंगळवारी सकाळी मुक्ताबाई परात घासताना म्हणाल्या, "आज कणिक बरोब्बर बसली बगा ताई. गोळीबी उरली न्हाई." तवा पुढच्या बर्नरवर होता.

सौमित्रला उशीर झाला होता. तो बॅग, हेल्मेट, मोबाईल असं सगळं एका हातात कोंबून निघाला, "येतो गं" म्हणाला आणि गेला.

धाडकन.

भांड्यांच्या मांडणीतल्या वाट्या वाजल्या. समोरून श्यामसुंदरकाकांचा आवाज आला, "अहो, दार आहे ते! तोफ नाही!"

स्वराली कपबशी हातात घेऊन उभी होती. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता पाच वर्षांचं काहीतरी घशातून सुटून गेलं. तिनं डोळे पुसले, दार उघडलं. काका बनियनवर, पेपर हातात घेऊन, भांडायच्या पूर्ण तयारीत उभे होते.

"सॉरी काका. उद्यापासून नाही आपटणार."

"बारा वर्षं ऐकतोय. मधे बरे होता, आता पुन्हा सुरू," काका गुरगुरले. "मधे काय झालं होतं?"

"पाहुणं होतं घरात," स्वराली म्हणाली आणि खाली न बघता दार ओढून घेतलं.